ब्राउझरमध्ये उघडते, स्क्रिप्टमध्ये अडते: प्रमाणपत्र-पडताळणीची पुन्हा पुन्हा येणारी चूक

लक्षण असे असते. कर्ल, पायथन, गिट किंवा पीएचपीमधून एखाद्या एचटीटीपीएस पत्त्याशी जोडणी करताना 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड: अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट' असा संदेश येतो (म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्याचे प्रमाणपत्र या यंत्राला सापडले नाही) आणि काम थांबते, मात्र तोच पत्ता क्रोममध्ये उघडला की पान विनातक्रार दिसते. सर्व्हर सांभाळणारा म्हणतो की आमच्याकडे सर्व ठीक आहे, स्क्रिप्ट लिहिणारा म्हणतो की मी कोडला हातही लावलेला नाही, आणि दोघांचेही म्हणणे खरे असते. कोणीतरी पडताळणीच बंद करून तात्पुरती वाट काढतो. काही महिन्यांनी, बहुधा प्रमाणपत्राचे नूतनीकरण झाल्यावर किंवा नवीन यंत्रावर मांडणी केल्यावर, तीच चूक परत येते.

ती परत येते, कारण 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड' एवढ्या एका इशाऱ्यामागे किमान पाच वेगवेगळी कारणे असतात आणि प्रत्येक वेळी आपण मागच्या वेळचा उपाय लावून पाहतो. कर्लला 'के' हा पर्याय देणे, पायथनमध्ये 'व्हेरिफाय'ची किंमत 'फॉल्स' करणे किंवा गिटमधील 'एसएसएल-व्हेरिफाय' बंद करणे हा उपाय नव्हे, एवढे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. त्यामागचे कारण पुढे सविस्तर येईल. ओपनएसएसएल, म्हणजे ही पडताळणी करणारी लायब्ररी आणि तिची टर्मिनलवरील आज्ञा, नेमके काय सांगत आहे ते वाचले, तर बहुतेक वेळा दहा मिनिटांत दोष कोणत्या बाजूचा आहे हे कळते. (आज्ञा, पर्याय आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत; टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टंकायची आहेत.)

पडताळणी म्हणजे नेमके काय, ते थोडक्यात ध्यानात घेऊ. सर्व्हरचे स्वतःचे प्रमाणपत्र सहसा थेट मूळ (रूट) प्रमाणपत्राने स्वाक्षरित केलेले नसते. मूळ प्रमाणपत्राची खासगी किल्ली प्रमाणन संस्था, म्हणजे प्रमाणपत्रे देणारी संस्था, जाळ्यापासून अलग, कडेकोट ठेवते. त्या किल्लीने ती एका मधल्या प्रमाणपत्रावर, ज्याला बोलताना सगळे इंटरमीडिएट म्हणतात, स्वाक्षरी करते आणि रोजची प्रमाणपत्रे त्या मधल्या किल्लीने देते. क्लायंटच्या, म्हणजे जोडणी करणाऱ्या प्रोग्रामच्या, यंत्रावर फक्त मूळ प्रमाणपत्रांची यादी असते. म्हणून सर्व्हरने स्वतःच्या प्रमाणपत्रासोबत मधले प्रमाणपत्रही पाठवायचे, आणि क्लायंटने खालून वर एकेक स्वाक्षरी तपासत आपल्या यादीतील मूळ प्रमाणपत्रापर्यंत पोहोचायचे, असा हा करार आहे. साखळीची कोणती कडी तुटली, हे शोधणे म्हणजेच या चुकीचे निदान.

पहिली तपासणी: सर्व्हर काय पाठवतो ते डोळ्यांनी पाहणे

ओपनएसएसएलची 'एस-क्लायंट' ही उपआज्ञा यासाठीच आहे. तिला 'कनेक्ट' या पर्यायात सर्व्हरचे नाव, त्यापुढे अपूर्णविराम आणि ४४३ हा पोर्ट द्यावा, 'सर्व्हरनेम' या पर्यायात तेच नाव पुन्हा द्यावे आणि 'शो-सर्ट्स' जोडावे. एकाच आयपी पत्त्यावर अनेक संकेतस्थळे असतात, त्यामुळे नाव कळवले नाही तर सर्व्हर भलत्याच स्थळाचे प्रमाणपत्र पुढे करू शकतो. १.१.१ या आवृत्तीपासून एस-क्लायंट हे नाव आपणहून पाठवते, तरीही जुन्या यंत्रांवर काम करणाऱ्यांनी ते स्पष्टपणे देण्याची सवय ठेवलेली बरी.

उत्तरात 'सर्टिफिकेट चेन' या शीर्षकाखाली ०, १, २ असे क्रमांक दिसतात. प्रत्येक क्रमांकापुढे 'एस' ही ओळ प्रमाणपत्र कोणाचे ते सांगते आणि 'आय' ही ओळ ते कोणी दिले ते सांगते. शून्य क्रमांकाची 'आय' ओळ आणि एक क्रमांकाची 'एस' ओळ अक्षरशः जुळली पाहिजे, एकची 'आय' दोनच्या 'एस'शी जुळली पाहिजे, आणि शेवटच्या कडीची 'आय' ओळ ज्या मूळ प्रमाणपत्राचे नाव घेते, ते आपल्या यंत्रावरील यादीत असले पाहिजे. अगदी शेवटी 'व्हेरिफाय रिटर्न कोड' असे लिहून एक आकडा येतो. माझ्या मते सगळ्या निदानात हा आकडा सर्वांत मोलाचा आहे, आणि नेमका तोच बहुतेक जण वाचत नाहीत.

पायथन पहिल्याच चुकीला थांबते, म्हणून मधले प्रमाणपत्र गहाळ असो की मूळ प्रमाणपत्र यादीत नसो, ते दोन्ही वेळा 'लोकल इश्युअर' हाच संदेश देते. एस-क्लायंट मात्र चूक सापडूनही पुढे जात राहते आणि त्यामुळे फरक दाखवू शकते. शेवटी २१ आला, तर साखळीत सर्व्हरच्या प्रमाणपत्राखेरीज जुळणारे दुसरे काहीच मिळालेले नाही, म्हणजे दोष बहुतेक सर्व्हरच्या बाजूला आहे. २० आला आणि त्याच्या आधीच्या ओळीत 'डेप्थ', म्हणजे साखळीतील कडीचा क्रमांक, एक किंवा त्याहून अधिक दिसली, तर सर्व्हरने मधले प्रमाणपत्र पाठवले आहे, पण तुमच्या यंत्राकडे मूळ प्रमाणपत्र नाही. १९ म्हणजे सर्व्हरने, किंवा मध्ये बसलेल्या कोणीतरी, स्वतःचे मूळ प्रमाणपत्रही साखळीत घालून पाठवले आहे आणि ते तुमच्या यादीत नाही. १८ म्हणजे एकुलते एक, स्वतःच स्वतःवर स्वाक्षरी केलेले प्रमाणपत्र. १० म्हणजे मुदत संपलेली, आणि ९ म्हणजे मुदत अद्याप सुरूच झालेली नाही.

एक सावधगिरी येथेच नोंदवतो. एस-क्लायंट आपणहून यजमाननाव तपासत नाही. प्रमाणपत्र दुसऱ्याच नावाचे असले तरी शेवटचा आकडा ० येऊ शकतो आणि माणूस निश्चिंत होतो. 'व्हेरिफाय-होस्टनेम' हा पर्याय देऊन नाव पुरवल्यावरच ही तपासणी पूर्ण होते. नाव जुळले नाही तर ६२ हा आकडा येतो.

सर्वांत जास्त वेळा सापडणारे कारण: मधले प्रमाणपत्र गहाळ

आकडा २१ आणि साखळीत फक्त शून्य क्रमांक, हे चित्र मी इतर सर्व चित्रांपेक्षा जास्त वेळा पाहिले आहे. सर्व्हर आपले एकट्याचे प्रमाणपत्र पाठवून मोकळा झालेला असतो.

मग ब्राउझरला अडचण का येत नाही? प्रत्येक प्रमाणपत्रात त्याच्या दात्याचे प्रमाणपत्र कोठे मिळेल, याचा पत्ता लिहिलेला असू शकतो. क्रोम तो पत्ता वाचून गहाळ कडी स्वतः उतरवून घेते. फायरफॉक्स वेगळी वाट धरते: ७५व्या आवृत्तीपासून ते माहीत असलेली मधली प्रमाणपत्रे आधीच आपल्याजवळ आणून ठेवते. ओपनएसएसएल यांपैकी काहीही करत नाही. पडताळणीच्या मध्येच एखाद्या लायब्ररीने, वापरणाऱ्या प्रोग्रामला न विचारता, भलत्या पत्त्यावर जोडणी करावी हे मलाही पटणारे नाही, त्यामुळे हा ओपनएसएसएलचा दोष मानू नये. विंडोजसोबत येणारे कर्ल ओपनएसएसएलऐवजी विंडोजची स्वतःची एस-चॅनल ही प्रणाली वापरते आणि ती गहाळ कडी आणू शकते. म्हणून तीच आज्ञा सहकाऱ्याच्या विंडोज लॅपटॉपवर चालते, लिनक्स सर्व्हरवर पडते, आणि संशय उगाच लिनक्सवर जातो.

उपाय सर्व्हरवरच करायचा. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेची प्रमाणपत्रे सर्टबॉट या साधनाने घेतली असतील, तर त्याच्या 'लाइव्ह' फोल्डरात चार फाइली असतात: 'सर्ट', 'चेन', 'फुलचेन' आणि 'प्रिव्हकी'. एन्जिन-एक्स या वेबसर्व्हरच्या 'एसएसएल-सर्टिफिकेट' या ओळीत 'सर्ट' लिहिली जाते, तेथे 'फुलचेन' हवी. नाव वाचून 'सर्ट' हीच योग्य वाटते, त्यामुळे ही चूक सहज होते. अपाचेमध्ये पूर्वी मधल्या प्रमाणपत्रांसाठी वेगळी ओळ लागत असे; २.४.८ या आवृत्तीपासून तीही पूर्ण साखळी मुख्य प्रमाणपत्राच्याच फाइलीत ठेवता येते, आणि ठेवावी.

पैसे देऊन प्रमाणपत्र घेतले असेल, तर विक्रेता सहसा दोन फाइली देतो: एकात तुमचे प्रमाणपत्र, दुसऱ्यात मधल्यांचा गठ्ठा. त्या एकामागे एक जोडायच्या, आधी स्वतःचे प्रमाणपत्र आणि मग मधले. क्रम उलटा झाला तर एन्जिन-एक्स फाइलीतील पहिले प्रमाणपत्र खासगी किल्लीशी ताडून पाहते आणि 'की व्हॅल्यूज मिसमॅच' म्हणत सुरूच होत नाही. हा संदेश पाहून किल्ली हरवली असे समजून नवे प्रमाणपत्र मागवणारे लोक मी पाहिले आहेत. प्रत्यक्षात दोन तुकड्यांचा क्रम बदलणे पुरेसे होते. पहिल्या फाइलीच्या शेवटी नवी ओळ नसेल, तर जोडताना एकाचे 'एंड सर्टिफिकेट' आणि दुसऱ्याचे 'बिगिन सर्टिफिकेट' एकाच ओळीत चिकटतात आणि 'बॅड एंड लाइन' अशी चूक येते. फाइल उघडून मध्ये एक एंटर दिला की ती जाते.

यातीलच एक उपप्रकार फार फसवा आहे. साखळीत दोन क्रमांक दिसतात, म्हणून सर्व काही असल्यासारखे वाटते, पण शून्यची 'आय' ओळ आणि एकची 'एस' ओळ जुळत नाही. कोणीतरी कधीतरी मधले प्रमाणपत्र हाताने उतरवून वेगळ्या फाइलीत ठेवलेले असते. सर्व्हरचे प्रमाणपत्र दर वेळी आपोआप नवे होते आणि मधले मात्र तेच जुने राहते. प्रमाणन संस्थेने मधली किल्ली बदलली, की त्या दिवसानंतरच्या पहिल्या नूतनीकरणाला सर्व्हर अडतो. लेट्स एन्क्रिप्टने जून २०२४ मध्ये आर-३ या मधल्या प्रमाणपत्राऐवजी आर-१० आणि आर-११ वापरायला सुरुवात केली, तेव्हा आर-३ हाताने जोडून ठेवलेली मांडणी अशीच अडचणीत आली. मधले प्रमाणपत्र हे प्रत्येक नूतनीकरणासोबत नव्याने येणारी वस्तू आहे, असे धरूनच मांडणी करावी.

मूळ प्रमाणपत्राची मुदत संपते तेव्हा

दुसरे कारण क्वचित येते, पण आले की एकाच वेळी असंख्य यंत्रांवर येते. ३० मे २०२० रोजी, भारतीय वेळेनुसार दुपारी चारच्या सुमारास, अ‍ॅडट्रस्ट एक्स्टर्नल सीए रूट या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. ३० सप्टेंबर २०२१ रोजी संध्याकाळी साडेसातला डीएसटी रूट सीए एक्स-३ याची मुदत संपली. दोन्ही वेळा जगभर जुन्या ओपनएसएसएलवरचे प्रोग्राम 'मुदत संपली' म्हणत थांबले. ज्या सर्व्हरशी ते बोलत होते त्यांची स्वतःची प्रमाणपत्रे मात्र अगदी ताजी होती.

यामागची घडण समजून घेण्यासारखी आहे. नवी प्रमाणन संस्था सुरू झाली की तिचे मूळ प्रमाणपत्र जुन्या फोनांच्या आणि यंत्रांच्या यादीत नसते. म्हणून एखादी जुनी संस्था नव्या मूळ प्रमाणपत्रावर आपलीही स्वाक्षरी करते. याला आडवी स्वाक्षरी म्हणता येईल. लेट्स एन्क्रिप्टचे आयएसआरजी रूट एक्स-१ हे २०१५ सालचे मूळ प्रमाणपत्र. त्यावर डीएसटी रूट सीए एक्स-३ ची आडवी स्वाक्षरी होती. त्यामुळे सर्व्हरच्या प्रमाणपत्रापासून वर जाण्याचे दोन मार्ग तयार झाले: एक थेट आयएसआरजीपाशी थांबणारा आणि दुसरा आयएसआरजीवरून पुढे डीएसटीपर्यंत जाणारा. डीएसटीची मुदत संपल्यावर दुसरा मार्ग बंद झाला, पहिला चालूच होता.

ओपनएसएसएल १.०.२ मात्र सर्व्हरने पाठवलेल्या प्रमाणपत्रांच्या आधाराने आधी शेवटपर्यंत वर जाते आणि मगच आपल्या यादीकडे पाहते. ते वर जाता जाता डीएसटीपाशी पोहोचले, डीएसटी यादीत सापडले, म्हणजे विश्वासू मार्ग मिळाला असे त्याने मानले आणि दुसरा मार्ग शोधलाच नाही. त्यानंतर तारखा तपासल्या, तेव्हा डीएसटीची मुदत संपलेली निघाली. आयएसआरजी त्याच यादीत असूनही उपयोग झाला नाही. १.१.० पासून 'ट्रस्टेड-फर्स्ट' ही वागणूक मूलभूत झाली, म्हणजे प्रत्येक पायरीवर आधी स्वतःची यादी पाहिली जाते, आणि तेथे हा प्रश्न उरला नाही.

यातून निघणारा उपाय अनेकांना उलटा वाटतो: यादीत काही घालायचे नाही, यादीतून जुने मूळ प्रमाणपत्र काढून टाकायचे. डीएसटी यादीत नसले की जुने ओपनएसएसएल तो मार्ग सोडून देते आणि दुसरा शोधते. उबंटू किंवा डेबियनवर 'ईटीसी' फोल्डरातील 'सीए-सर्टिफिकेट्स डॉट कॉन्फ' या फाइलीत त्या प्रमाणपत्राच्या ओळीआधी उद्गारचिन्ह घालायचे आणि 'अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स' ही आज्ञा चालवायची. अर्थात आयएसआरजी रूट एक्स-१ यादीत आहे याची खात्री आधी करून घ्यावी. तेही नसेल तर ते घालावे लागेल. अ‍ॅडट्रस्टच्या वेळी सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या हातातही एक उपाय होता, तो म्हणजे साखळीतील मुदत संपलेली आडवी कडी पाठवणे थांबवणे.

लेट्स एन्क्रिप्टने आडव्या स्वाक्षरीची लांब साखळी जून २०२४ मध्ये पूर्णपणे बंद केली, त्यामुळे हा विशिष्ट प्रसंग आता मागे पडला आहे. मात्र सेंटओएस ७ किंवा उबंटू १६.०४ वर अडकलेली यंत्रे आजही कारखान्यांत, महाविद्यालयांत आणि छोट्या कार्यालयांत चालू आहेत. अशा यंत्रावर १० हा आकडा आला, तर सर्व्हरच्या प्रमाणपत्राची तारीख पाहून थांबू नये. चुकीच्या ओळीत 'डेप्थ' किती आहे ते पाहावे. शून्य असेल तर सर्व्हरचे प्रमाणपत्र संपले आहे. दोन किंवा तीन असेल तर वरची एखादी कडी संपली आहे.

प्रोग्राम कोणती यादी वाचतो?

आकडा २० आहे, सर्व्हरची साखळी पूर्ण आहे, तीच आज्ञा शेजारच्या यंत्रावर चालते आहे. मग प्रश्न यादीचा. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे: एका यंत्रावर मूळ प्रमाणपत्रांची एकच यादी नसते. कार्यप्रणालीची एक यादी असते. पायथनची 'रिक्वेस्ट्स' ही लायब्ररी 'सर्टिफाय' नावाच्या पॅकेजमधील यादी वाचते, आणि प्रत्येक व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमध्ये त्या पॅकेजची वेगळी, बहुधा वेगवेगळ्या वयाची प्रत असते. जावा आपल्या 'सीए-सर्ट्स' या किल्लीकोशातून वाचते. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये यादी प्रोग्रामच्या आतच भरलेली असते. म्हणून कार्यालयाचे अंतर्गत मूळ प्रमाणपत्र कार्यप्रणालीच्या यादीत व्यवस्थित घालूनही कर्ल चालते आणि पायथन पडते, आणि त्यात विचित्र असे काहीच नसते.

पायथनच्या 'एसएसएल' मॉड्यूलमधील 'गेट-डीफॉल्ट-व्हेरिफाय-पाथ्स' हे फंक्शन ते मॉड्यूल कोणत्या जागी पाहते ते सांगते. 'ओपनएसएसएल व्हर्जन'ला लहान 'डी' हा पर्याय दिला की ओपनएसएसएलचा मूळ फोल्डर कळतो. कोणीतरी ओपनएसएसएल स्वतः कंपाइल करून 'यूएसआर-लोकल'खाली बसवले असेल, तर त्या फोल्डरातील 'सर्ट्स' हा भाग रिकामाच असतो. प्रोग्राम नव्या ओपनएसएसएलला जोडलेला आहे, यादी जुन्या जागी आहे, आणि सगळ्याच पत्त्यांवर चूक येते. सगळ्याच पत्त्यांवर चूक येणे ही या कारणाची सर्वांत सोपी खूण आहे. तरीही उलगडा झाला नाही तर 'एस-ट्रेस'खाली प्रोग्राम चालवून तो प्रत्यक्षात कोणत्या फाइली उघडायचा प्रयत्न करतो ते पाहावे. अंदाज बांधण्यापेक्षा हे बरे, आणि यात दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ जात नाही.

डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम बंदिस्त कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या साधनात, हेच कारण वेगळ्या रूपात भेटते. डेबियनच्या हलक्या इमेजमध्ये 'सीए-सर्टिफिकेट्स' हे पॅकेजच नसते. बाहेर चालणारा प्रोग्राम कंटेनरमध्ये पडला, तर आधी ते पॅकेज आत आहे का ते बघावे. मॅकवर पायथनच्या संकेतस्थळावरील इन्स्टॉलरने पायथन बसवले असेल, तर त्या पायथनच्याच फोल्डरातील 'इन्स्टॉल सर्टिफिकेट्स' ही फाइल एकदा चालवावी लागते. नव्याने शिकणारे विद्यार्थी या एका पायरीपाशी दिवस घालवतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

अंतर्गत मूळ प्रमाणपत्र घालायचे असेल तर डेबियन-उबंटूवर ते 'यूएसआर-लोकल-शेअर'मधील 'सीए-सर्टिफिकेट्स' या फोल्डरात 'सीआरटी' हेच विस्तारनाव देऊन ठेवावे आणि मग 'अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स' चालवावे. 'पेम' असे विस्तारनाव राहिले तर आज्ञा त्या फाइलीकडे बघतही नाही. फेडोरा आणि रेड हॅट कुळात ते 'पीकेआय'खालील 'अँकर्स' फोल्डरात ठेवून 'अपडेट-सीए-ट्रस्ट' चालवायचे. रिक्वेस्ट्ससाठी 'रिक्वेस्ट्स-सीए-बंडल' आणि नोडसाठी 'नोड-एक्स्ट्रा-सीए-सर्ट्स' ही एन्व्हायर्न्मेंटमधील चले आहेत. पहिले चल पूर्ण यादी बदलते आणि दुसरे असलेल्या यादीत भर घालते, हा फरक विसरला की रिक्वेस्ट्सला फक्त कार्यालयाचे प्रमाणपत्र दिले जाते आणि बाहेरचे सर्व पत्ते बंद पडतात.

मध्ये कोणीतरी बसलेले असते तेव्हा

घरी चालते, कार्यालयात चालत नाही, आणि आकडा १९ येतो. अशा वेळी 'आय' ओळ नीट वाचावी. जगाला माहीत असलेल्या संस्थेऐवजी तेथे कार्यालयाच्या फायरवॉलचे किंवा एखाद्या अँटीव्हायरसचे नाव दिसेल. ते यंत्र जोडणी मध्येच उघडून, आतला मजकूर तपासून, स्वतःच्या प्रमाणपत्राने पुन्हा बंद करते. कार्यालयाने हे जाहीरपणे आणि धोरण म्हणून केले असेल, तर त्यांचे मूळ प्रमाणपत्र संगणक विभागाकडून मागून वर सांगितल्याप्रमाणे यादीत घालावे. नाव अनोळखी असेल, तर काम थांबवून विचारणा करावी.

पडताळणी बंद करण्याला माझा इतका विरोध का, त्याचे उत्तर येथे आहे. पडताळणी बंद असलेली स्क्रिप्ट कार्यालयाची फायरवॉल आणि चोर यांत फरक करू शकत नाही. दोघांनाही ती पासवर्ड आणि टोकन सारख्याच तत्परतेने देते. हा धोका पुस्तकी नाही. जुलै २०१४ मध्ये आपल्याच देशातील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रमाणन व्यवस्थेतून गूगलच्या डोमेनांची अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे उघड झाले. एनआयसीची मधली प्रमाणपत्रे भारताच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांच्या मूळ प्रमाणपत्राखाली होती आणि ते मूळ मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते, त्यामुळे विंडोजवरील बऱ्याच प्रोग्रामांनी ती मान्य केली असती. मोझिलाच्या यादीत ते मूळ नव्हते, म्हणून फायरफॉक्सला त्याची झळ पोहोचली नाही. नियंत्रकांनी ती मधली प्रमाणपत्रे तातडीने रद्द केली. यादीत कोण आहे आणि कोण नाही, एवढ्यावर किती काही अवलंबून असते ते या प्रसंगात दिसले. पडताळणी बंद करणे म्हणजे त्या यादीत साऱ्या जगाला घेणे.

कार्यालयाने प्रमाणपत्र दिले, यादीत घातले, आणि पायथन ३.१३ वर आल्यावर पुन्हा चूक आली, तर गोंधळून जाऊ नये. या आवृत्तीपासून पायथनची नेहमीची मांडणी प्रमाणपत्रांचे नियम अधिक काटेकोरपणे तपासते. घरगुती पद्धतीने बनवलेल्या मूळ प्रमाणपत्रात 'बेसिक कन्स्ट्रेंट्स' हा भाग अत्यावश्यक म्हणून नोंदवलेला नसतो, किंवा खालच्या प्रमाणपत्रात दात्याच्या किल्लीची ओळख लिहिलेली नसते, आणि पूर्वी खपून जाणारी ही उणीव आता अडवली जाते. खरा उपाय म्हणजे अंतर्गत प्रमाणपत्रे नियमांप्रमाणे पुन्हा बनवणे. तोवर फक्त तो काटेकोरपणाचा पर्याय (फ्लॅग) कोडमधील त्या एका एसएसएल-कॉन्टेक्स्टपुरता बंद करता येतो. बाकी पडताळणी चालू राहते.

९ हा आकडा आला तर यंत्राचे घड्याळ पाहावे, एवढेच. जुन्या रास्पबेरी पायमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज जाऊन आल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत ते मागच्या कोणत्यातरी तारखेत असते. शेतातील किंवा छपरावरील संवेदकांची माहिती पाठवणारी स्क्रिप्ट वेळ जुळल्यावरच सुरू होईल अशी व्यवस्था सिस्टिम-डी या लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या प्रणालीत करता येते.

पुन्हा येऊ नये म्हणून

आता नूतनीकरणाचा वेग वाढणार आहे, म्हणून या चुकीचा बंदोबस्त आधीच करणे गरजेचे आहे. सप्टेंबर २०२० पासून सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवस होती. एप्रिल २०२५ मध्ये प्रमाणन संस्था आणि ब्राउझर बनवणारे यांच्या सीए-ब्राउझर फोरमने ती टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा निर्णय घेतला: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. वर्षातून एकदा हाताने फाइली जोडणाऱ्या माणसाला तेच काम वर्षातून आठ वेळा करावे लागेल, आणि त्यातल्या एखाद्या वेळी मधले प्रमाणपत्र राहून जाईल.

नूतनीकरण आपोआप होत असले तरी एक फट उरते. सर्टबॉट नवी फाइल लिहितो, पण चालू असलेला एन्जिन-एक्स जुनेच प्रमाणपत्र स्मृतीत धरून बसतो. डिस्कवर नवी तारीख, जाळ्यावर जुनी तारीख, आणि ९० दिवसांच्या प्रमाणपत्राचे नूतनीकरण साधारण ३० दिवस आधी होत असल्याने ही विसंगती महिनाभर कोणाच्या लक्षात येत नाही. एका संस्थेच्या सर्व्हरवर मी स्वतः अर्धा दिवस फाइली तपासत घालवला होता. फाइली निर्दोष होत्या, सेवेला पुन्हा वाचायला कोणी सांगितलेच नव्हते. सर्टबॉटच्या 'डिप्लॉय-हुक' या पर्यायात एन्जिन-एक्स 'रीलोड' करण्याची आज्ञा द्यावी. ती फक्त यशस्वी नूतनीकरणानंतरच चालते.

देखरेखीची स्क्रिप्ट लिहायची तर ती डिस्कवरील फाइल न वाचता जाळ्यावरून मिळणारे प्रमाणपत्र वाचणारी असावी, आणि ती सर्व्हरवर न ठेवता दुसऱ्या एखाद्या लिनक्स यंत्रावर ठेवावी, म्हणजे गहाळ कडीही तिला दिसेल. एस-क्लायंटचे उत्तर 'एक्स-५०९' या उपआज्ञेकडे वळवून तिला 'चेक-एंड' पर्यायात १२०९६०० हा आकडा, म्हणजे १४ दिवसांचे सेकंद, द्यावा. तेवढ्या काळात मुदत संपत असेल तर आज्ञा शून्याखेरीज वेगळी किंमत परत करते आणि क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणारी सेवा) ईमेल पाठवणे सोपे जाते. त्याच स्क्रिप्टमध्ये एस-क्लायंटला 'व्हेरिफाय-रिटर्न-एरर' आणि 'व्हेरिफाय-होस्टनेम' हे दोन पर्याय जोडावेत, म्हणजे तारखेसोबत साखळी आणि नाव हेही तपासले जाईल. एस-क्लायंट टंकलेखनाची वाट पाहत बसते, म्हणून क्रॉनमध्ये तिला 'डेव्ह-नल' या कायम रिकाम्या फाइलीतून इनपुट द्यायला विसरू नये.